भटकताना दिसलेली वेगळी गुरंढोरं, शेळ्यामेंढ्या, तट्टं: तुमच्या नोंदी इथे लिहा

घाटवाटा

पक्षी, फुलपाखरं, रानफुलं यांच्या नोंदी ठेवणारे इथे बरेच आहेत. वाटेत आडव्या आलेल्या कळपाकडे मात्र आपण फारसं बघत नाही. गाय म्हणजे गाय, शेळी म्हणजे शेळी, एवढ्यावर भागतं. खरं तर महाराष्ट्रात दर शे-दीडशे किलोमीटरला गुरांचं रूप बदलतं आणि ते बदलण्याला कारण असतं. त्याच्या नोंदी एका जागी याव्यात म्हणून हा धागा.

सुरुवात डांगी गुरांपासून करतो. अकोले तालुक्यात रतनवाडी, साम्रद, घाटघर या पट्ट्यात भर आषाढात फिरलात तर हे जनावर हमखास दिसेल. पांढऱ्या अंगावर काळे शिंतोडे किंवा मोठाले ठिपके, काहींचा रंग तांबडा, शिंगं आखूड आणि जाड, कपाळ पुढे आलेलं. धो धो पाऊस पडत असतो, आपण रेनकोटात कुडकुडत असतो आणि हे उघड्या माळावर निवांत चरत असतं. मी एका गुराखी आजोबांना विचारलं, "बाबा, यांना थंडी वाजत नाही का?" ते म्हणाले, "हात लावून बघ." बैलाच्या पाठीवरून हात फिरवला तर तळव्याला चक्क तेलकट लागलं. डांगीच्या कातडीतून तेलासारखा स्राव पाझरतो, त्यामुळे पाणी अंगात मुरत नाही, निथळून जातं. आजोबांचं म्हणणं, "घोंगडी आपल्याला लागती, त्याला नाय." खूरही काळे आणि टणक असतात. दगडाधोंड्यांतून चालून झिजत नाहीत आणि भाताच्या चिखलात बैल दिवसभर उभा राहू शकतो.

दूध बेताचंच. पण जिथे इतर जनावर पावसाळा काढू शकत नाही तिथे हे राबतं, ही त्याची किंमत.

लिहिताना जनावर कुठे दिसलं (गावाचं किंवा तालुक्याचं नाव पुरे), तिथले लोक त्याला काय म्हणतात, कशासाठी पाळतात आणि मालकानं काय सांगितलं, एवढं जरूर लिहा. मालकाचं नाव, फोन नंबर नको. फोटो विचारूनच काढा.

माणदेशी

उत्तम धागा. आमच्याकडची माडग्याळ मेंढी पाहिली नसेल तर एकदा आटपाडीच्या बाजाराला या. माडग्याळ हे जत तालुक्यातलं गाव, त्यावरून जातीचं नाव. उंच, लांब पायांची, पांढऱ्या अंगावर तपकिरी पट्टे आणि नाक असं बाकदार की लांबूनच ओळखू येतं. आमच्यात राघूनाकी म्हणतात. जितका बाक जास्त तितकी किंमत जास्त. आटपाडीच्याच बाजारात २०२० साली एका मेंढ्याला ७० लाखांपर्यंत मागणी झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

त्या बातम्यांमुळे लोकांचा समज झाला की मेंढपाळ मालामाल झाले. तसं नाही. लाखांत जातो तो निवडक नर, तोही पैदाशीसाठी. बाकी कळप चाऱ्यामागे वणवण फिरतो. मला खटकतं ते वेगळंच. नाकाचा बाक बघून नर निवडायला लागलं की वजन, काटकपणा, आईचं दूध या गोष्टी मागे पडतात. ही मेंढी दुष्काळी माळावर झपाट्यानं वाढते म्हणून आजोबा-पणजोबांनी जपली. निवड करताना नजर तिथेच असावी.

आणि खिलार बैल! पांढराशुभ्र, चपळ, शिंगं मागे जाऊन पुन्हा वर वळलेली. बैलगाडा शर्यतींवर बंदी होती तेव्हा खोंड कवडीमोलानं जात होते. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा ग्राह्य धरला आणि भाव पुन्हा चढले. शर्यतीबद्दल मतं वेगवेगळी असतील, पण खिलारचं पोट आज बऱ्याच अंशी शर्यतीवर आहे, हे आमच्या भागात कुणीही सांगेल.

सायकलस्वार_अमरावती

एक शंका. दर्यापूरकडून अकोटच्या दिशेनं जाताना एका कळपात फिकट, जवळजवळ मळक्या पांढऱ्या रंगाच्या म्हशी दिसल्या. एखादी असती तर रंगदोष म्हटलं असतं, पण बऱ्याच होत्या. हे काय असावं?

पशुवैद्य_लातूर

@सायकलस्वार_अमरावती, ती पूर्णाथडी. तुमच्याकडे भुरी म्हैस म्हणतात ती हीच. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा भागात सापडते. आता तिची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली आहे. रंगदोष असलेल्या जनावराचे डोळे, नाकपुडी, सगळं गुलाबी असतं आणि उन्हात त्याला डोळे उघडणं जड जातं. भुरीचं तसं नाही, तिचा रंग पिढीजात आहे.

जातीची नोंद हा प्रकार काय असतो तेही सांगतो. हरियाणात कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे. तिथे एखाद्या भागातल्या जनावरांची मापं, रंग, दूध, वागणूक, संख्या आणि जनुकीय वेगळेपण तपासून जातीला क्रमांक मिळतो. कोकण कपिला, गडचिरोली-चंद्रपूरकडची कठाणी गाय, भीमथडी घोडा ही सगळी अलीकडच्या काळात यादीत आली. शतकानुशतकं ही जनावरं होतीच, पण कागदोपत्री सगळी "गावठी" या एकाच खात्यात जमा होती. गावठी म्हटलं की योजना नाही, वळूचं वीर्य साठवणं नाही, काहीच नाही.

आमच्या देवणी गाईबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. लातूर, उदगीर, देवणी हा तिचा मुलूख. तीन रूपं आहेत. अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या ती वानेरा. पोटाखाली काळे ठिपके ती बालंक्या. अंगभर वेडेवाकडे काळे डाग ती शेवरा. एकाच गोठ्यात तिन्ही दिसतात. कपाळ आणि लोंबते कान पाहिलेत तर गीरची आठवण येईल, आणि ते खरंच आहे, या जातीत गीर आणि डांगी दोन्हींचं रक्त आहे. @घाटवाटा, तुमच्या अकोले तालुक्यातल्या ठिपक्यांची नातलग लातुरात सापडते ती अशी.

गंगावेस

म्हशींचा विषय निघाला आणि कोल्हापूरकर गप्प बसला असं कसं होईल! पंढरपुरी म्हैस बघा. तलवारीसारखी लांब शिंगं, खांद्यांच्याही मागे गेलेली, काहींची तर थेट पाठीच्या टोकापर्यंत पोचतात. मूळ मुलूख पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा, पण कोल्हापूरच्या गवळ्यांनी तिला जीव लावला.

गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हैस उभी असते, गिऱ्हाईक ग्लास पुढे करतं आणि धार थेट ग्लासात. फेसाळ, कोमट दूध, तिथंच उभ्यानं प्यायचं. इथे एक गोष्ट नीट बघा. बहुतेक म्हशी जागा बदलली, माणूस बदलला की पान्हा चोरतात. रेडकू कासेला लावल्याशिवाय दूध सोडत नाहीत. पंढरपुरी मात्र रहदारीत, हॉर्नच्या आवाजात, एका दारी अर्धा लिटर, दुसऱ्या दारी पाव लिटर असं हप्त्याहप्त्यानं दूध देते. दारोदारी म्हैस नेऊन डोळ्यांदेखत दूध काढून देण्याची पद्धत तिच्या या स्वभावावर उभी राहिली. पाणी घालायला जागाच नाही.

दिवाळी पाडव्याला या. शिंगं रंगवलेली, मोरपिसांचे तुरे, गळ्यात कवड्यांच्या माळा. मालक मोटारसायकल सोडतो आणि म्हैस गाडीच्या आवाजामागे धावते. शेकडो लोकांच्या गर्दीत ती आपल्याच मालकाची गाडी ओळखते. म्हैस मंद असते म्हणणाऱ्यांनी हे एकदा पाहावं.

दूधवाला_संगमनेर

सगळं वाचलं. कौतुक पटतं, पण दुसरी बाजूही लिहितो. माझ्या गोठ्यात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दूध देणाऱ्या विदेशी वाणाच्या) गाई आहेत. डांगीच्या दुधावर माझं कर्ज फिटणार नाही. मुलांची फी, चारा, पशुखाद्य, सगळं रोखीत चालतं. फिरायला आलेली मंडळी "देशी गाय का नाही पाळत?" असं विचारतात तेव्हा वाईट वाटतं. जनावर पाळणं खर्चाचं काम आहे. हौस म्हणून एखादं पाळता येतं, धंदा म्हणून हिशोब लागतो. आणि एचएफ माझ्या गोठ्यात आली म्हणून माझी गुरांवरची माया कमी झालेली नाही.

घाटवाटा

@दूधवाला_संगमनेर, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि ते या धाग्यात यायलाच हवं होतं. शेतकऱ्यानं काय पाळावं हे फिरस्त्यानं सांगू नये, यावर मी तुमच्या बाजूनं आहे.

माझं म्हणणं इतकंच की प्रत्येक जनावर एका विशिष्ट कामासाठी घडलंय आणि ते काम असेल तोवरच टिकतं. डांगीला भातखाचर आहे म्हणून डांगी आहे. पॉवर टिलर वाडीवर पोचला की बैल निघतो, बैल निघाला की गाय ठेवायचं कारण उरत नाही. दोष कुणाचाच नाही. पण दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारी कातडी पुन्हा घडवायची म्हटलं तर कोणत्याही प्रयोगशाळेत होणार नाही. म्हणून ती जपण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी नको. तो सगळ्यांनी उचलायला हवा, सरकारनंही आणि आपणही.

दूधवाला_संगमनेर

हे पटलं. माझ्या चुलत्यांकडे संगमनेरी शेळ्या आहेत, बहुतेक पांढऱ्या. त्यांच्या नोंदी टाकतो निवांत.

फलटणचा_पाहुणा

वेगळं दिसणारं जनावर नेहमी जुनंच असतं असं नाही, काही अलीकडे मुद्दाम घडवलेली असतात. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तिथल्या मेंढ्यांची गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपली दख्खनी मेंढी काळी, काटक, घोंगडीच्या लोकरीची. पण वेताला एकच कोकरू. तिकडे बंगालमध्ये सुंदरबनात गारोळ नावाची छोटीशी मेंढी आहे. तिला जुळी होतात, कधी तिळीही. कारण तिच्यात एक जनुक आहे, त्याला फेकबी म्हणतात. गंमत अशी की हेच जनुक ऑस्ट्रेलियातल्या बूरूला मेरिनो मेंढ्यांत सापडलं आणि शोध घेतल्यावर कळलं की अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून जहाजानं गेलेल्या मेंढ्यांमधून ते तिकडे पोचलं असावं. फलटणच्या संस्थेनं गारोळमधलं हे जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि नारी सुवर्णा ही मेंढी तयार झाली. दिसायला दख्खनी, पण बऱ्याच वेतांना जुळं.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा आहे. तीन कोकरं झाली तर आईच्या दुधावर पोसत नाहीत, हे मेंढपाळ पहिल्यापासून सांगत होते. भटक्या कळपात बाटलीनं दूध पाजायला वेळ कुणाला? म्हणून लक्ष्य जास्तीत जास्त कोकरांचं न ठेवता दोन जगवता येतील इतकंच ठेवलं गेलं. मेंढपाळाच्या शहाणपणाचा मान ठेवून केलेलं संशोधन मला इथे दिसतं.

ऑस्टिनकर

मी सध्या टेक्सासमध्ये. इथली नोंद चालेल का? ऑस्टिनच्या पश्चिमेला हिल कंट्रीत गाडीनं जाताना कुंपणाआड गवतात काळवीट दिसले. पिळाची शिंगं, काळी पाठ, पांढरं पोट. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात पाहिलेले तेच! गाडी थांबवून बघतच राहिले.

रँचच्या माणसाशी बोलल्यावर कळलं की १९३०च्या दशकात इथे काळवीट आणले गेले, पुढे कुंपणाबाहेरही पसरले. दक्षिण टेक्सासात किंग रँचवर नीलगाई आणल्या होत्या, त्यांचेही आता मोकळे कळप आहेत. इथे यांची गणना एक्झॉटिक म्हणून होते, मांसासाठी आणि शिकारीसाठी पाळतात. आपल्याकडे काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला. तोच प्राणी इथे गुरांबरोबर चरताना पाहून मला बराच वेळ काही सुचेना. आनंद झाला आणि आतून हललेही.

शिवाय इथे वशिंड असलेली राखाडी ब्राह्मण गुरं जागोजागी दिसतात. गीर, कांकरेज, ओंगोल अशा भारतीय गुरांपासून ती घडवली. ऊन आणि गोचीड सोसतात म्हणून इथल्या लोकांनी उचलली.

पशुवैद्य_लातूर

@ऑस्टिनकर, नोंद चालेल काय, अगदी हवीच. ब्राझीलमध्ये तर गीर आणि ओंगोल (तिकडे नेलोरे) यांच्यावर अख्खा पशुधंदा उभा आहे. आपल्या जनावरांची किंमत त्यांनी आधी ओळखली, हे मान्य करावंच लागतं.

काणकोणची_माई

गोव्याची नोंद. श्वेतकपिला गाय. बुटकी, तोंड सरळ, आणि पांढरी म्हणजे किती? नाकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत, पापण्यांचे केससुद्धा पांढरे. माझ्या माहेरी दोन होत्या. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) जे मिळेल ते खाऊन राहायच्या, कधी पेंड मागितली नाही. सासूबाई तिच्या दुधाचं ताक लहान मुलांना द्यायच्या. दूध थोडं, पण घरच्यापुरतं पुरेसं. ही आता स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली याचा मला फार आनंद झाला. आमच्याच तालुक्यातल्या आगोंदच्या नावानं डुकराचीही जात नोंदली आहे, आगोंद गोवन. तेही सांगून ठेवते.

तळकोकण

माई, सिंधुदुर्गात आलात तर कोकण कन्याळ शेळी बघा. काळी, आणि नाकापासून कानांपर्यंत दोन्ही बाजूंनी पांढऱ्या पट्ट्या. दमट हवेत, पावसात, कातळावर झुडपं ओरबाडून जगते. बाहेरच्या शेळ्या आणल्या की पहिल्याच पावसाळ्यात सर्दी-खोकल्यानं बसतात, हिला काही होत नाही.

वाड्यावर

दिवाळीनंतर पुणे-अहिल्यानगर रस्त्यानं धनगरांचे कळप बघितले असतील. सगळे मेंढ्यांचे फोटो काढतात, मी तट्टांकडे बघतो. भीमथडी. मराठ्यांच्या घोडदळानं ज्यांच्या जोरावर मजला मारल्या ते दख्खनी घोडे हेच. आज त्यांच्या पाठीवर अख्खा संसार असतो: वाघर (मेंढ्या कोंडायची जाळी), भांडी, पाण्याचे कॅन, वर बांधलेली कोंबडी आणि जाळीत त्याच दिवशी जन्मलेली कोकरं, नुसती तोंडं बाहेर. एवढं ओझं घेऊन ते घाट उतरतं आणि मुक्कामी पोचल्यावर मिळेल ते गवत खातं. हरभरा त्याच्या वाट्याला क्वचितच येतो.

या कुटुंबांना शेतात मेंढ्या बसवायला शेतकरी बोलावतात, लेंड्या-मुताचं खत मिळतं म्हणून. बदल्यात धान्य किंवा पैसे. तुम्ही भेटायला गेलात तर सकाळी लवकर जाऊ नका, तेव्हा सगळी घाई असते. संध्याकाळी वाडा (कळपाचा मुक्काम) लागल्यावर जा. कुत्र्यांपासून सांभाळून, लांबूनच हाक द्या.

पुरंदरची_लेक

गाढवं राहिली की! पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. वैदू, बेलदार, कुंभार, वडार, कितीतरी समाजांचे लोक येतात. गावरान गाढवं आणि काठेवाडी, असे दोन प्रकार. काठेवाडी उंच, पांढरट, त्यांना भाव जास्त. दात बघून वय ठरतं: अखंड, दुवान, चौवान. देवाचं दर्शन, सोयरिकी आणि सौदे असं सगळं एकाच जागी. वीटभट्टीवर ट्रॅक्टर आले तसा बाजार रोडावला, पण डोंगरावर वाळू-सिमेंट चढवायला आजही गाढवाशिवाय गत्यंतर नाही. गडांच्या डागडुजीचं सामान वर कसं जातं ते पाहिलंय ना?

सायकलस्वार_अमरावती

एमू कुणी पाहिले का? पंधराएक वर्षांपूर्वी विदर्भात जागोजागी जाळीच्या कुंपणात दिसायचे.

पशुवैद्य_लातूर

पाहिले, आणि त्यांचे हाल फार वाईट झाले. अंडी-पिल्लं एकानं दुसऱ्याला विकायची, एवढाच तो धंदा होता. मांस, तेल, कातडं घेणारं गिऱ्हाईक तयारच झालं नाही. पिल्लं घेणारे संपले तेव्हा खाद्याचा खर्च परवडेना, काहींनी पक्षी सरळ सोडून दिले. कर्ज काढून उतरलेल्या शेतकऱ्यांची घरं बसली. कुणी नवं जनावर दाखवून परतावा सांगू लागलं तर एकच विचारा: पिल्लं सोडून याचं काय विकलं जातं आणि कोण घेतं?

आता थोडं कामाचं. तुम्ही सगळे गोठ्यागोठ्यांतून फिरणार, म्हणून. लाळ्या-खुरकूत बुटांच्या तळव्यांना, कपड्यांना चिकटून एका गोठ्यातून दुसऱ्यात जातो. एका दिवसात दोन गोठे बघणार असाल तर मध्ये बूट धुवा. आजारी जनावर दिसलं तर आत पाऊल टाकू नका. प्रेमानं पोळ्या, भात, पीठ भरपूर खाऊ घालू नका, रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एकदम आम्ल वाढतं आणि ते दगावूही शकतं. वासरू आईजवळ असेल तर मध्ये उभं राहू नका. वळूच्या नजरेला नजर भिडवू नका आणि पाठ फिरवून पळूही नका.

माणदेशी

आणखी एक. पोरांनो, जनावराची तारीफ करा, पण "केवढ्याला दिलं?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत नको. आणि मालक काळा दोरा, बिब्बा बांधत असेल तर त्याची चेष्टा करू नका. त्याचं सगळं त्या जनावरावर असतं.

ऑस्टिनकर

हिवाळ्यात महिनाभर नाशिकला आहे. डांगी बघायची तर कुठे? आषाढ तर हुकला.

घाटवाटा

राजूरचं प्रदर्शन गाठा. अकोले तालुक्यात राजूरला दरवर्षी हिवाळ्यात डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, इगतपुरी तालुक्यात घोटीलाही भरतं. तारखा ग्रामपंचायत किंवा बाजार समितीकडे विचारून घ्या, दरवर्षी बदलतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जा, निवड तेव्हा चालू असते. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला असे दातांवरून गट पाडतात. परीक्षक ओठ वर करून दात बघतो, मग शेपटीच्या मुळापासून खुरापर्यंत हात फिरवतो. कडेला उभं राहून ते बोलतात ते ऐकत राहा. दोन तासांत जे कळेल ते पुस्तकात मिळायचं नाही.

ऑस्टिनकर

नक्की जाते. मुलीलाही नेते, तिने अजून बैलाला हात लावलेला नाही.

घाटवाटा

जुने कपडे घालून आणा, तेल लागेल.